रिपोर्टवरचा एक शब्द बदला

प्रति,
महाराष्ट्रात पॅथॉलॉजी लॅब चालवणारे डॉक्टर, लॅबमधली माझी टेक्निशियन भावंडं, आणि सकाळ-संध्याकाळ ओपीडी काढणारे फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, केलेली टेक्निशियन. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं एकाच लॅबमध्ये काम करते. रक्त काढणं, स्लाइड बघणं, मशीन बिघडलं की कंपनीच्या माणसाला फोनवर फोन करणं, सगळं केलं. पण हिशेब मांडला तर आयुष्यात सगळ्यात जास्त काय केलं असेल तर ‘युरिन रूटीन’. बाटली उघडायची, पट्टी बुडवायची, कडेला निथळायची, मिनिटभरानं डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची आणि लिहायचं. प्रोटीन नील, शुगर नील, म्हणजे दोन्ही नाही. हात इतका बसलाय की डोकं दुसरीकडे असलं तरी चालतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बाटली अशीच माझ्या हाताखालून गेली. मी लिहिलं, ‘प्रोटीन : नील’. पुढच्या पाच महिन्यांत आणखी दोनदा आली. एकदा नील, एकदा ट्रेस, म्हणजे अगदी पुसट. आज मला माहीत आहे की त्या काळात त्याच्या लघवीतून रोज काही ग्रॅम प्रोटीन वाहून जात होतं.

पट्टी जुनी नव्हती. एक्स्पायरी मी बघितली होती, डबीचं झाकणही नीट लावलेलं असायचं. पट्टीनं तिचं काम चोख केलं. खोटं होतं ते मी तिच्या नावावर लिहिलेलं वाक्य. तेच वाक्य आपण सगळे रोज छापतो, म्हणून हे पत्र.

आधी दादाचं सांगते. तेव्हा तो ५७ वर्षांचा. ऊसवाला माणूस, रात्रीची लाइट आली की दारं धरायला जाणारा. कंबर दुखते म्हणायला लागला तेव्हा घरात कोणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे कंबर कोणाची दुखत नाही? डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. बरं वाटलं. गोळ्या संपल्या की परत दुखायचं. मग मीच मेडिकलमधून तीच पाकिटं आणून द्यायला लागले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं दोष वाटायला बसले तर पहिला वाटा माझ्याच ताटात पडतो.

हिमोग्लोबिन ८.४ आलं. मटण-भाकरी खाणारा गडी, मूळव्याध नाही, ८.४ कशानं? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. किडनी मागं पडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन १.७ आलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात राबतो, पाणी कमी पितो, पेनकिलरनं जरा वाढलं असेल. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकारानं छान. आणि लघवीत प्रोटीन नाही. त्या ‘नाही’वर सगळ्यांनी निःश्वास टाकला. किडनीचा खरा आजार असता तर प्रोटीन गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि मीही मान हलवली. रिपोर्ट माझाच होता ना.

पाडव्याच्या आसपास त्याला उलट्या सुरू झाल्या. पाणी पाणी करायचा, चार-चार दिवस पोट साफ नाही, बोलताना मध्येच हरवायचा. वहिनीला वाटलं, ऊन लागलं. क्रिएटिनिन ९.२ आणि कॅल्शियम १२.६, दोन्ही वाढलेलं. त्याच रात्री मोठ्या शहरात नेलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी फाइल चाळली, पहिल्या दिवसापासून २४ तासांची लघवी जमवायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एकावर आमच्या लॅबचं नील. दुसऱ्यावर २४ तासांत ५.४ ग्रॅम. ‘ताई, तुम्ही लॅबमधल्या आहात. यातला खोटा कोणता?’ मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं ज्या पट्टीवर पोट भरलं, ती नेमकं काय मोजते हे मी कॉलेजात एकदा पाठ केलं होतं आणि विसरले होते.

पट्टीवरच्या त्या पिवळ्या चौकोनात एक रंग असतो, टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू, आणि त्याच्याबरोबर आम्लता, म्हणजे पीएच, ३ च्या आसपास धरून ठेवणारं बफर. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, त्या रंगाला चिकटलं की पिवळ्याचा हिरवा होतो. अल्ब्युमिन चिकटतं तसं बाकीची प्रोटीन्स चिकटत नाहीत. मधुमेहात, बीपीत, सूज येणाऱ्या किडनीच्या आजारांत लघवीतून मुख्यतः अल्ब्युमिनच जातं, म्हणून पट्टी तिथं उत्तम चालते आणि म्हणूनच आपण निर्धास्त झालो. पण दादाच्या लघवीत अल्ब्युमिन जवळपास नव्हतंच. होती ती लाइट चेन.

त्याला मल्टिपल मायलोमा निघाला. हा रक्ताचा कॅन्सर हाडांच्या मगजात, प्लाझ्मा पेशींमध्ये सुरू होतो. या पेशींचं काम अँटिबॉडी बनवणं. प्रत्येक अँटिबॉडीत दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या. बिघडलेल्या पेशी हलक्या साखळ्या, म्हणजे लाइट चेन, बेसुमार बनवतात. काही पेशंटमध्ये तर नुसत्या लाइट चेनच बनतात, पूर्ण अँटिबॉडी बनतच नाही. दादाचं तसंच होतं. म्हणून त्याचं ग्लोब्युलिनसुद्धा, म्हणजे अँटिबॉडी ज्यात मोडतात ती रक्तातली प्रोटीन्स, वाढलेलं नव्हतं, उलट कमी होतं, आणि स्लाइडवर लाल पेशींची नाण्यांसारखी चळतही दिसली नव्हती. वाढलेलं ग्लोब्युलिन आणि ही चळत, म्हणजे रुलो, शोधायला आपल्याला शिकवलेलं असतं. इथं दोन्ही दारं बंद होती. उघडं होतं ते फक्त लघवीचं, आणि तिथं मी नील लिहून कडी लावली.

किडनीत काय झालं ते मला त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी दादाला समजावलं ते पाटाच्या भाषेत. लाइट चेन इतकी लहान की किडनीच्या गाळणीतून सहज खाली येते. थोडी तर निरोगी माणसातही येते. गाळणीच्या लगेच पुढच्या नळीच्या पेशी ती उचलून घेतात आणि पचवून टाकतात. पूर आल्यासारखी यायला लागली की त्या पेशी खाऊन खाऊन थकतात आणि मरायला लागतात. उरलेली पुढं सरकते. पुढच्या नळीत किडनी स्वतःच एक चिकट प्रोटीन सोडत असते, युरोमोड्युलिन. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी ते १९५० मध्ये वेगळं काढलं, म्हणून जुन्या पुस्तकात टॅम-हॉर्सफॉल प्रोटीन. लाइट चेन त्याला जाऊन चिकटते आणि नळीत घट्ट बुचं तयार होतात. चारीत गाळ आणि पाला अडकला की पाणी जसं मागं तुंबतं आणि बांध फुटतो, तसं. बायोप्सीत ही बुचं, म्हणजे कास्ट, ठसठशीत दिसली. गाळण्या बऱ्यापैकी शाबूत, नळ्यांची मात्र माती झालेली.

दादा ऐकून म्हणाला, ‘म्हंजी इंजन चालू हाय, पाइप चोकअप.’ याहून सोपं मला अजून सुचलेलं नाही.

आता त्या गोळ्यांबद्दल. शरीरात पाणी कमी झालं, लघवी घट्ट झाली, कॅल्शियम वाढलं की ही बुचं भराभर बसतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या जातीच्या पेनकिलर किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात आणि नेमकं तेच घडवतात. सीटी स्कॅनमध्ये नसेतून द्यायचं औषधही, अंगातलं पाणी कमी असताना, अशा किडनीला जड जाऊ शकतं. हाड पोखरलं म्हणून कंबर दुखते, दुखते म्हणून पेनकिलर, पेनकिलरनं नळ्या तुंबतात. मी पाच महिने जी पाकिटं आणली, त्यांचा हिशेब रात्री झोप लागत नाही तेव्हा करते.

दादाचं निदान झाल्यावर चौथ्या दिवशी मी गावी परतले आणि फ्रीजमध्ये पडलेली त्याची शेवटची बाटली काढली. कपाटाच्या मागच्या बाजूला सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची बाटली होती. पट्ट्या स्वस्त झाल्यापासून कोणी तिला हात लावला नव्हता. नवीन ३ टक्के द्रावण केलं. लघवी मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पाणी टेस्टट्यूबमध्ये घेतलं, तेवढंच ॲसिड घातलं. दूध नासावं तसं झालं. शेजारी त्याच बाटलीतून बुडवलेली पट्टी पिवळीधमक.

मग शिकताना एकदाच केलेली टेस्ट केली. ट्यूब गरम पाण्यात धरली, थर्मामीटर सोडला. पन्नास-पंचावन्नाला गढूळ झाली. उकळीच्या जवळ पाणी गेलं तशी निवळली. बाहेर काढून ठेवली, थंड होताना परत गढूळ. हे प्रत्येक पेशंटमध्ये इतकं सरळ होत नाही, बऱ्याचदा होतच नाही, आणि आज निदानासाठी या टेस्टवर विसंबायचं नसतं. पण मला ती बघायची होती.

ही टेस्ट ज्यातून आली ती गोष्ट लंडनची. १८४५ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे लघवीची एक नळी आली, सोबत चिठ्ठी. पेशंट थॉमस मॅकबीन नावाचा व्यापारी, हाडांच्या दुखण्यानं हैराण. डॉ. विल्यम मॅकिंटायर त्याच्यावर उपचार करत होते. लघवी तापवली, ॲसिड घातलं, निवळली, थंड झाली की थिजली, परत तापवली की पातळ. चिठ्ठीच्या शेवटी एवढंच विचारलं होतं : हे काय आहे? मॅकबीन १८४६ च्या पहिल्याच दिवशी गेला. बेन्स जोन्सनं ते प्रोटीन आहे हे ओळखून पुढच्या दोन वर्षांत छापलं. ते म्हणजे अँटिबॉडीची लाइट चेन हे एडलमन आणि गॅली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलं. माझा मुद्दा इतिहासाचा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला नळी हातात घेऊन ‘हे काय आहे’ असं विचारावंसं वाटलं. माझ्या हातात तीच नळी आली आणि मला काही विचारावंसं वाटलं नाही, कारण पट्टीनं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

माझ्या लॅबवाल्या भावंडांनो, मागणं पहिलं तुमच्याकडे. रिपोर्टवर जिथं ‘प्रोटीन’ छापलेलं आहे तिथं ‘अल्ब्युमिन (पट्टीवर)’ असं छापा. बस. पट्टीनं जे बघितलं तेच लिहा. वाचणाऱ्या डॉक्टरला लगेच कळेल की बाकीची प्रोटीन्स कोणी बघितलेलीच नाहीत. रिपोर्टवर सही कोणाची असावी हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि जायलाच हवा होता. पण सहीच्या वर काय छापलंय यावर आपल्यात कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही.

जमलं तर सल्फोसॅलिसिलिकची बाटली पुढच्या फळीवर आणा. सगळ्यांची करू नका, वेळ नसतो हे मलाही माहीत आहे. पण क्रिएटिनिन वाढलेलं आणि पट्टी नील अशी जोडी एकाच माणसाच्या नावावर दिसली तर दोन मिनिटं काढा. ॲसिडनं गढूळ आणि पट्टी पिवळी, तर डॉक्टरांना फोन करा. काही अँटिबायोटिक आणि एक्स-रेचं औषध यांनीही गढूळ होतं, तेवढं विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पट्टीच्या दुसऱ्या चौकोनाची. रक्तातली साखर ९५ आणि लघवीत शुगर तीन प्लस असा माणूस आला की पूर्वी आम्ही बाटली बदलली असेल म्हणून परत बोलवायचो. आता आधी गोळ्या विचारते, कारण डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी आणि तिच्या बहिणी लघवीतूनच साखर काढतात. तसल्या गोळ्या चालू नसतील तर मात्र थांबायला हवं. काही लाइट चेन नळी बुजवत नाहीत. पहिल्याच नळीच्या पेशींत शिरून स्फटिकासारख्या साचतात, पचत नाहीत. मग ती नळी जे जे परत उचलायची ते सगळं सोडून देते : साखर, फॉस्फेट, युरिक ॲसिड, अमिनो ॲसिड, बायकार्बोनेट. याला फँकोनी सिंड्रोम म्हणतात. फॉस्फेट गेल्यामुळं हाडं मऊ पडतात, माणूस चालताना कण्हतो. हे मायलोमाची बाकीची लक्षणं दिसायच्या कित्येक वर्षं आधीही सुरू होऊ शकतं. कारणं दुसरीही असतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीसाठीचं टेनोफोविर त्यातलं एक. पण रक्तात साखर बरोबर, लघवीत साखर, आणि रक्तातलं फॉस्फरस आणि युरिक ॲसिड दोन्ही खाली, असं एका कागदावर दिसलं तर त्या कागदावर लाल पेनानं गोल करायला कोणाची परवानगी लागत नाही.

फॅमिली डॉक्टरांनो, तुम्हाला शिकवायची माझी पायरी नाही. सुतावरून स्वर्ग गाठा आणि प्रत्येक कंबरदुखीत कॅन्सर शोधा असंही म्हणत नाही. तसं केलं तर अर्धा जिल्हा लाइनीत उभा राहील. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला माणूस, महिनोन्‌महिने न थांबणारं हाडाचं दुखणं, कारण न सापडणारी रक्ताची कमी आणि चढतं क्रिएटिनिन, हे एकत्र आलं तर पेनकिलर लगेच बंद करा आणि पुढच्या तपासण्या लिहा. रक्तातली प्रोटीन्स वेगळी करून बघणारी सीरम इलेक्ट्रोफोरेसिस एकटी पुरत नाही, दादासारख्या पेशंटमध्ये ती जवळपास साधी येऊ शकते. नेमकी कोणती अँटिबॉडी किंवा साखळी ते ओळखणारं इम्युनोफिक्सेशन आणि रक्तातली सुटी लाइट चेन मोजणारी सीरम फ्री लाइट चेन टेस्ट हवीच. आमच्यासारख्या लॅबमध्ये त्या होत नाहीत, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, काही हजारांचा खर्च आहे. पेशंट कुरकुर करेल. त्याला दादाच्या डायलिसिसचा हिशेब सांगा.

आणि हा म्हाताऱ्यांचा आजार म्हणून सोडू नका. अमेरिकेत मायलोमा निदानाचं मधलं वय सत्तरीच्या घरात आहे, आपल्याकडे पेशंट त्याहून बरेच तरुण असतात, पन्नाशीतले खूप. किडनीला धक्का बसलेला असणंही विरळा नाही. निदानाच्या दिवशीच किमान पाचातल्या एकाची किडनी बिघडलेली असते.

घाई कशाला, असं विचाराल तर : हे किडनीचं नुकसान परत फिरू शकतं. बुचं ताजी असताना लाइट चेनचा नळ बंद केला तर नळ्या पुन्हा उघडतात. बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन आहे, पोटाच्या कातडीखाली देतात, किडनी बंद असली तरी त्याचा डोस कमी करावा लागत नाही. त्याबरोबर डेक्सामेथासोन, आणि भरपूर पाणी, अर्थात डॉक्टरांच्या नजरेखाली. पहिल्या तीन आठवड्यांत रक्तातली लाइट चेन ६० टक्के तरी खाली आली तर किडनी परत येण्याची शक्यता खूप वाढते. नळ्यांच्या जागी वण पडले की मात्र औषध कितीही चांगलं असलं तरी तिथं काही उगवत नाही. म्हणजे खेळ आठवड्यांचा. आम्ही पाच महिने घालवले.

दादाचा कॅन्सर आटोक्यात आहे. शेवटच्या रिपोर्टमध्ये लाइट चेन जवळजवळ नॉर्मल. किडनी आली नाही. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, एसटीनं जाऊन-येऊन पूर्ण दिवस. ऊस पुतण्या बघतो. पाण्याचं मोजमाप आलं, तेव्हापासून दादा विहिरीवर जात नाही. म्हणतो, वाहतं पाणी बघितलं की तहान लागते.

मला राग कोणाचा आहे का? कंबरेवर इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचा नाही. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला, रिपोर्ट असतोच त्यासाठी. आमच्या लॅबच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, सगळे असंच छापतात. खरं आहे, सगळे असंच छापतात. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच विचारलं, मराठीत छापायचं की इंग्रजीत?

शेवटी सॉफ्टवेअरवाल्या मुलाला बोलावलं. तो पुण्याहून कॉम्प्युटरमध्ये शिरून काम करतो. म्हणाला, ‘ताई, एका शब्दासाठी तक्रारीचं तिकीट टाकलंत?’ दहा मिनिटांत झालं. पैसे घेतले नाहीत.

कळावे,
आपली,
एक लॅब टेक्निशियन